सिंग आडनावाची मेक्सिकन मुलं

कॅलिफोर्नियाच्या अगदी दक्षिणेला, मेक्सिकोच्या सीमेला खेटून इम्पीरियल व्हॅली नावाचा सखल पट्टा आहे. त्याचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्याही खाली आहे आणि उन्हाळ्यात तिथं अंगाची लाही होते. १९०१ मध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्यानं तिथं पोचलं आणि वाळवंटात कापूस, खरबुजं, लेट्यूस, लसूणघास पिकायला लागला. पाण्यामागोमाग माणसं आली. १९२० नंतर इथल्या शाळांच्या हजेरीपटांवर नावांची एक नवीच जोडणी दिसू लागली. नाव मारिया, होसे किंवा रोदोल्फो. आडनाव सिंग, खान किंवा अली. आई मेक्सिकन, वडील पंजाबातल्या कुठल्यातरी खेड्यातले. गावातले लोक या मुलांना ‘हाफ अँड हाफ’ म्हणत. चिडवायचंच असेल तर कधी बापाच्या नावानं, कधी आईच्या नावानं शिवी दिली जाई. ज्याची जशी लहर.

अशा घरात वाढलेल्या माणसानं पुढं आपलं मेक्सिकनपण अभिमानानं सांगितलं की ती गोष्ट बहुतेक वेळा मनाच्या प्रवासाची म्हणून वाचली जाते. लहानपणी लाज, मोठेपणी अभिमान. तसं घडतंही. पण इम्पीरियल व्हॅलीची कागदपत्रं पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते: लाज किती वाटावी आणि अभिमान कशाचा धरावा, याचे भाव घराबाहेर ठरत होते. विवाह नोंदणीच्या खिडकीवर, जमिनीच्या दस्तात, शाळेच्या हद्दीत आणि जनगणनेच्या रकान्यात.

कागदावर गोरे

सुरुवात १८४८ पासून करावी लागते. त्या वर्षी २ फेब्रुवारीला ग्वादालूपे इदाल्गोचा तह झाला आणि मेक्सिकोचा निम्म्याच्या आसपास मुलूख अमेरिकेकडे गेला. आजचे कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, शिवाय ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोचा मोठा भाग त्यात येतो. त्या मुलखात ऐंशी हजार ते एक लाख मेक्सिकन राहत होते. वर्षभर तिथंच राहिले तर ते अमेरिकेचे नागरिक ठरणार होते. आता गंमत अशी की अमेरिकेच्या १७९० च्या कायद्यानं बाहेरून आलेल्यांपैकी फक्त ‘मुक्त गोऱ्या’ माणसांना नागरिकत्व मिळू शकत होतं. म्हणजे तहानं नागरिक झालेले मेक्सिकन आपोआप गोऱ्यांच्या खात्यात जमा झाले. कुणी त्यांना गोरं समजत होतं म्हणून हे झालं नाही. कायद्याला दुसरा रकानाच माहीत नव्हता.

१८९७ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत रिकार्डो रॉड्रिगेझ नावाच्या मजुरानं नागरिकत्व मागितलं तेव्हा हा पेच उघड्यावर आला. त्याच्या रंगारूपावरून तो गोरा नाही, असं म्हणत स्थानिक राजकारण्यांनी हरकत घेतली. फेडरल न्यायालयानं निकाल दिला तो मजेशीर आहे. मानववंशशास्त्राच्या दृष्टीनं हा माणूस गोरा ठरणार नाही, हे न्यायाधीशांनी जवळपास मान्यच केलं. पण तहाचा शब्द आहे, त्यामुळं नागरिकत्व द्यावं लागेल, असं म्हटलं. पुढची पन्नास-साठ वर्षं मेक्सिकन माणूस अमेरिकेत असाच जगला: कागदावर गोरा, न्हाव्याच्या दुकानात आणि थिएटरमध्ये बिनगोरा. टेक्सासमध्ये उपाहारगृहांच्या दारावर ‘मेक्सिकनांना प्रवेश नाही’ अशा पाट्या असत.

मेक्सिकोतून येणारी माणसं मुळातच मिश्र होती हे इथं विसरून चालत नाही. स्पॅनिश राजवटीत तिथं जातींची उतरंड होती. स्पॅनिश बाप आणि आदिवासी आई यांचं मूल म्हणजे मेस्तिसो, स्पॅनिश आणि आफ्रिकन यांचं मुलातो, आणि पुढं पिढ्यापिढ्यांच्या मिश्रणांना वेगवेगळी नावं. अठराव्या शतकात या मिश्रणांची चित्रमालिका काढून घेण्याची टूम होती. आई, बाप, मूल आणि खाली जातीचं नाव. जातीचं नाव सांगून माणसाला जागा दाखवण्याची पद्धत आपल्याकडच्या वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको. स्वातंत्र्यानंतर ही उतरंड कायद्यानं गेली. विसेंते गेरेरो या आफ्रिकन रक्ताच्या राष्ट्राध्यक्षानं १८२९ मध्ये गुलामगिरीही बंद केली. १९१० च्या क्रांतीनंतर तर मिश्र असणं हीच मेक्सिकोची ओळख ठरवण्यात आली. १९२१ ते १९२४ या काळात शिक्षणमंत्री असलेल्या होसे वास्कोन्सेलोस यांनी १९२५ मध्ये ‘वैश्विक वंशा’ची कल्पना मांडली: सगळे वंश मिसळून उद्याचा माणूस घडणार आहे आणि तो लॅटिन अमेरिकेत घडतो आहे. ऐकायला भव्य. पण त्या मिश्रणात गोरेपणाकडं सरकणं हेच प्रगतीचं लक्षण मानलं गेलं. आदिवासींनी आपली भाषा सोडावी अशी अपेक्षा होती आणि आफ्रिकन वंशाचे लोक तर हिशेबातूनच गेले. मेक्सिकोच्या जनगणनेत त्यांना स्वतंत्र प्रश्न मिळाला तो थेट २०२० मध्ये. तेव्हा २५ लाखांहून अधिक लोकांनी आपण आफ्रो-मेक्सिकन असल्याचं नोंदवलं.

याच क्रांतीनंतरच्या मेक्सिकोत एक मराठी माणूस होता. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतून परागंदा झालेले खानखोजे विसाच्या दशकात मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केलं आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा उभारल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरानं शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर रंगवलेल्या चित्रांपैकी एकात भाकरी वाटणारा माणूस खानखोज्यांच्या चेहऱ्याचा आहे. त्यांनी बेल्जियन स्त्रीशी लग्न केलं, दोन मुली मेक्सिकोतच जन्मल्या आणि वाढल्या. बाप वऱ्हाडाच्या बाजूचा, आई युरोपची, शाळा स्पॅनिश. सीमेच्या त्या बाजूला अशा घराला निदान एक राष्ट्रीय गोष्ट उपलब्ध होती, जिच्यात मिश्र असणं हा दोष नव्हता. सीमेच्या या बाजूला, हजार-दीड हजार मैलांवर, गदर चळवळीला घामाचे डॉलर देणाऱ्या पंजाबी शेतकऱ्यांच्या मुलांना ती नव्हती.

खिडकीवरचा कारकून

हे पंजाबी आले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, सहा-सात हजारांच्या आसपास. बहुतेक जालंधर, होशियारपूर, लुधियाना या जिल्ह्यांतले जाट शीख, थोडे मुसलमान, त्याहून थोडे हिंदू. अमेरिकेत सगळ्यांना सरसकट ‘हिंदू’ म्हणत. १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये गोऱ्या मजुरांच्या जमावानं त्यांना मारहाण करून गावाबाहेर हाकललं. अनेकजण दक्षिणेला सरकत कॅलिफोर्नियाच्या शेतांत पोचले. १९१७ च्या कायद्यानं आशियातून येण्याची वाट जवळपास बंद झाली. बायको पंजाबात असेल तर आणता येत नव्हती, आणि लग्नासाठी स्वतः गावी गेलं तर परत येता येईल याचा भरवसा नव्हता.

दुसऱ्या बाजूनं मेक्सिकन कुटुंबं येत होती. क्रांतीच्या धुमश्चक्रीत घरदार गेलेली, कधी बाप मेलेला, आई आणि मुली कापूस वेचायला मिळेल त्या शेतावर. इम्पीरियल व्हॅलीत कापसाचा खंडकरी अनेकदा सरदारजी असे आणि वेचणीला मेक्सिकन कुटुंब. ओळखी तिथंच होत. १९१६ च्या सुमारास अशी लग्नं सुरू झाली आणि मग एका बहिणीनं दुसरीचं, मावशीनं भाचीचं जमवत वाढत गेली. दोन सख्ख्या बहिणी दोन भागीदारांच्या घरी असं खूपदा दिसे. मानववंशशास्त्रज्ञ कॅरन लेनर्ड यांनी पुढं काउंट्यांची, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांची, दप्तरं चाळून कॅलिफोर्नियातली अशी पावणेचारशेच्या आसपास भारतीय पुरुषांची लग्नं शोधली. त्यांतल्या दहापैकी आठ बायका मेक्सिकन किंवा स्पॅनिशभाषक घरांतल्या होत्या.

लग्नाला परवाना लागे आणि कॅलिफोर्नियात गोऱ्यांचं लग्न काळ्यांशी किंवा ‘मंगोलियनां’शी (म्हणजे चिनी-जपान्यांशी) लावायला कायद्यानं बंदी होती. पंजाबी माणूस यांपैकी नक्की कोण? कायद्यात उत्तर नव्हतं, म्हणून ते खिडकीवरच्या कारकुनानं द्यायचं. तो दोघांच्या तोंडाकडं बघे. दोघं एकाच छटेचे वाटले तर दोघांच्याही रकान्यात ‘तपकिरी’ लिहून मोकळा होई. मुलगी उजळ असेल तर अडवणूक. मग जोडपं दुसऱ्या काउंटीत किंवा शेजारच्या राज्यात जाऊन लग्न लावून येई. म्हणजे कायद्यानं ‘गोरी’ असलेली मेक्सिकन बाई पंजाबी माणसाशी लग्न करताना गोरी नसल्याचा फायदा घेत होती. असा फायदा मिळतो तेव्हा त्याची किंमतही कुठंतरी लावलेली असतेच.

ती किंमत १९२३ मध्ये दिसली. भगतसिंग थिंड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९ फेब्रुवारीला निकाल दिला की भारतीय माणूस, शास्त्र त्याला काहीही म्हणो, सर्वसामान्य माणसाच्या समजुतीनं गोरा नाही. सबब तो नागरिक होऊ शकत नाही. नागरिक होऊ न शकणाऱ्यांना कॅलिफोर्नियात शेतजमीन घेता येत नव्हती. १९१३ आणि १९२० चे कायदे त्यासाठीच होते. अमेरिकेत जन्मलेल्या एखाद्या मेक्सिकन मुलीनं अशा माणसाशी लग्न केलं तर त्या काळच्या कायद्यानं तिचं स्वतःचं नागरिकत्वही जाई. ही तरतूद १९३१ मध्ये सुटली.

मग जमीन कुणाच्या नावावर? आधी ओळखीच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या किंवा सावकारांच्या. १९३३ मध्ये इम्पीरियल काउंटीच्या ग्रँड ज्युरीनं, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळानं, अशा व्यवहारांत कटाचे आरोप ठेवले, तेव्हा उरलेली वाट एकच होती: मुलं. ती अमेरिकेत जन्मलेली, म्हणून जन्मानंच नागरिक. बाप पालक म्हणून सही करी आणि शेत सात-आठ वर्षांच्या मुलाच्या नावावर होई. शाळेत ज्याला ‘घाणेरडा हिंदू’ म्हणून ढकलत तो पोरगा कागदोपत्री चाळीस-ऐंशी एकरांचा मालक असायचा. वडिलांच्या आडनावाला त्या घरांत जे वजन आलं त्यात या दस्तांचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

घरातली भाषा, दारातली शिवी

घराच्या आत कारभार आईच्या भाषेत चाले. वडील शेतमजुरांशी बोलता बोलता स्पॅनिश शिकलेले असत, मुलं स्पॅनिश आणि इंग्रजी बोलत, पंजाबी फारच थोड्यांना आली. स्वयंपाकघरात मात्र तडजोड दोन्हीकडून होती. मक्याच्या आणि गव्हाच्या तोर्तियांना सरावलेल्या हाताला रोटी जड गेली नाही. कोंबडीचा रस्सा, भेंडी, लिंबाचं लोणचं बायकांनी नवऱ्याकडून आणि त्याच्या भागीदारांकडून शिकून घेतलं. धर्म आईकडं. मुलांचा कॅथलिक बाप्तिस्मा होई आणि गंमत म्हणजे धर्मपिता म्हणून उभा राहणारा ‘पाद्रिनो’ बहुतेक वेळा दुसरा एखादा सिंग किंवा खान असे. मेक्सिकन रीतीनं मुलाचा बाप आणि पाद्रिनो एकमेकांचे ‘कोम्पाद्रे’ होतात, ते नातं जन्माचं. पंजाबातलं भाऊबंदकीचं जाळं जिथं तुटलं तिथं या माणसांनी मेक्सिकन रीतीनं नवं विणलं. सणासुदीला ही कुटुंबं शेकडो मैलांवरच्या स्टॉकटनच्या गुरुद्वारात जमत. १९१२ मध्ये स्थापन झालेलं हे अमेरिकेतलं पहिलं गुरुद्वारा. तिथं लोक रीतीप्रमाणं जमिनीवर न बसता खुर्च्यांवर बसत.

हे सगळं गोडगोड नव्हतं. घटस्फोट बरेच झाले. अमेरिकन न्यायालय बायकोला घटस्फोट देतं हे कळल्यावर पुष्कळ नवरे चक्रावले. वाढत्या मुलींनी नाचाला जाऊ नये, मुलांशी फिरू नये म्हणून बापांनी घातलेले निर्बंध आणि त्यावरून झालेली भांडणं यांच्या आठवणी त्या पिढीनं भरभरून सांगितल्या आहेत. मेक्सिकन पुरुषांनाही ही लग्नं रुचत नव्हती; आपल्या मुली परके घेऊन जातात या रागातून सुरुवातीच्या वर्षांत हाणामाऱ्याही झाल्या. म्हणजे मुलाच्या वाट्याला गोऱ्यांकडून तिरस्कार होताच, शिवाय आईच्या गावकऱ्यांचा अढीचा स्वर होता.

व्हॅलीतल्या गावांत गोरी वस्ती रेल्वेच्या रुळांच्या एका बाजूला आणि मेक्सिकन, काळे दुसऱ्या बाजूला. ‘हाफ अँड हाफ’ पोरं त्या दुसऱ्या बाजूच्या शाळेत. तिथं मेक्सिकन मुलं त्यांना हिंदू म्हणून चिडवत. आणि तरीही, त्यांच्यातल्या अनेकांनी मोठेपणी आपली ओळख सांगितली ती ‘हिंदू’ अशीच. घरी पंजाबीचा एक शब्द नाही, गळ्यात क्रूस, देव्हाऱ्यात ग्वादालूपेची माता (मेक्सिकनांची लाडकी मेरी), आणि ओळख हिंदू! हे कोडं वाटतं, पण त्या काळाच्या उतरंडीत ठेवून पाहिलं की उलगडतं. वडील शेतकरी होते, आईचं माहेर मजुराचं. वडिलांच्या देशाबद्दल परिसरात कुणाला काही माहीत नव्हतं, त्यामुळं त्याची गोष्ट हवी तशी मोठी करून सांगता येई. मेक्सिको मात्र सगळ्यांना माहीत होता, आणि मेक्सिकन म्हणजे कोण हे गोऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. जनगणनेनंही हेच केलं. १९३० मध्ये तिनं ‘मेक्सिकन’ हा वंशाचा स्वतंत्र रकाना पहिल्यांदा आणि शेवटचाच काढला. ‘हिंदू’ हा रकाना १९२० ते १९४० होताच. गोरे नसलेल्या दोन वंशांच्या मुलांची नोंद बापाच्या वंशात करा, अशी १९३० ची सूचना होती. १९४० मध्ये मेक्सिकन पुन्हा गोऱ्यांत गेले आणि नियम झाला की गोऱ्या व बिनगोऱ्यांच्या मुलांची नोंद बिनगोऱ्या पालकाप्रमाणं करा. दोन्ही नियम उलटसुलट फिरवून पाहा, मूल ‘हिंदू’च ठरतं. वाढवलं जिनं, ती आई दोन्ही वेळा कागदावरून गायब.

शाळेचं दार

मेक्सिकन असण्यात धोकाही होता. मंदीच्या काळात, १९२९ नंतरच्या दशकात, मेक्सिकन वंशाच्या लोकांना धरपकड करून, दमदाटी करून, कधी मदतनिधी बंद करण्याची भीती घालून आगगाड्यांतून सीमेपार पाठवण्यात आलं. किती, याचे अंदाज चार लाखांपासून दहा लाखांच्याही पुढं जातात; त्यांतले निम्म्याहून अधिक जन्मानं अमेरिकन नागरिक होते, त्यात मुलं भरपूर. २६ फेब्रुवारी १९३१ ला लॉस एंजेलिसच्या जुन्या चौकात दारं अडवून चारशेच्या आसपास लोकांची झडती घेतली, ती घटना मुद्दाम गाजवली गेली, म्हणजे बाकीचे आपणहून जातील. कॅलिफोर्नियानं याबद्दल कायदा करून माफी मागितली २००५ मध्ये.

त्याच १९३१ च्या जानेवारीत सॅन दिएगोजवळच्या लेमन ग्रोव्हमध्ये मुख्याध्यापकांनी शाळेच्या दारात उभं राहून मेक्सिकन वंशाच्या ७५ मुलांना अडवलं आणि दोन खोल्यांच्या नव्या इमारतीकडं वळवलं. पालकांनी त्या इमारतीला ‘तबेला’ असं नाव ठेवून मुलांना घरी बसवलं, रोबेर्तो आल्व्हारेझ या बारा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या नावानं दावा लावला आणि मार्चअखेर तो जिंकला. गाव लहान, निकाल स्थानिक. फारसा पसरला नाही.

पसरला तो मेंदेझ खटला, आणि मिश्र घराच्या दृष्टीनं त्याच्याइतका बोलका प्रसंग दुसरा नाही. गोन्साल्वो मेंदेझ मेक्सिकन, त्यांची बायको फेलिसिटास पोर्तो रिकोची. १९४४ मध्ये त्यांनी ऑरेंज काउंटीतल्या वेस्टमिन्स्टरला शेत खंडानं घेतलं. शेताचे मालक मुनेमित्सू हे जपानी कुटुंब होतं. जपानशी युद्ध चालू होतं म्हणून सरकारनं त्यांना युद्धकैद्यांसारखं ॲरिझोनातल्या पोस्टनच्या छावणीत डांबलं होतं. मुलांची आत्या सोलेदाद विदाउरी आपली आणि भावाची अशी सगळी मुलं घेऊन शाळेत नाव घालायला गेली. तिच्या मुलांचा रंग उजळ आणि आडनाव फ्रेंच वळणाचं, त्यांना प्रवेश मिळाला. सावळ्या मेंदेझ भावंडांना मेक्सिकन शाळेत पाठवा असं सांगितलं. एकाच घरातली, एकाच आजीची नातवंडं. आत्या सगळ्यांना घेऊन परत फिरली.

गोन्साल्वोनं डेव्हिड मार्कस हा वकील गाठला, आणखी चार कुटुंबं जोडली गेली आणि चार शाळा-जिल्ह्यांतल्या पाच हजार मुलांच्या वतीनं १९४५ मध्ये दावा दाखल झाला. १८ फेब्रुवारी १९४६ ला निकाल लागला: वेगळ्या शाळा बेकायदा. १९४७ च्या एप्रिलमध्ये अपिलातही तो टिकला आणि त्याच वर्षी गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी राज्याच्या कायद्यातली शाळांच्या विभाजनाची कलमं काढून टाकली. सात वर्षांनी काळ्या मुलांच्या शाळांचा ऐतिहासिक निकाल लिहिणारे सरन्यायाधीश हेच. पण या विजयात एक खोच आहे. मेंदेझ मुलं वंशानं वेगळी आहेत असा दावाच कुणी केला नाही. दोन्ही बाजूंनी मेक्सिकन गोरेच धरले होते, आणि गोऱ्यांत फूट पाडायची मुभा कायद्यात नव्हती. पुन्हा कागदावरचं गोरेपणच कामाला आलं. सावळ्या मुलाला न्याय मिळाला तो ‘तू सावळा नाहीस’ असं म्हणून.

त्याच गोरेपणानं १९४७ मध्येच एका लग्नात बिब्बा घातला. लॉस एंजेलिसच्या अँड्रिया पेरेझ मेक्सिकन वंशाच्या, म्हणून गोऱ्या. सिल्व्हेस्टर डेव्हिस काळे. कारकुनानं परवाना नाकारला. तीस वर्षांपूर्वी पंजाबी नवऱ्याशेजारी जी ‘तपकिरी’ ठरली असती ती बाई काळ्या नवऱ्याशेजारी गोरी ठरली. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १ ऑक्टोबर १९४८ ला, चार विरुद्ध तीन मतांनी, ती बंदीच मोडीत काढली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला तिथं पोचायला आणखी एकोणीस वर्षं लागली.

नवे आले, जुने परके झाले

१९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. वर्षाला शंभरजण, एवढाच कोटा, पण जमीन आता बापाच्या नावावर होऊ शकत होती. इम्पीरियल व्हॅलीतलेच शेतकरी दलीपसिंग सौंद १९५६ मध्ये अमेरिकी संसदेत निवडून गेले. ‘हिंदू’ असणं जरा बऱ्यापैकी दिसायला लागलं.

मग १९६५ चा कायदा आला आणि सगळी गणितं फिरली. आशियाची दारं उघडली. त्याच कायद्यानं मेक्सिकोसह पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर मात्र पहिल्यांदा आकड्यांची मर्यादा घातली. एका मुलाच्या बापाच्या बाजूची माणसं कायदेशीर ठरत होती तेव्हाच आईच्या बाजूची बेकायदेशीर ठरू लागली. उत्तर कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीत, पीचच्या बागांच्या गावात, पंजाबी कुटुंबं मोठ्या संख्येनं आली; बायकामुलांसह, पंजाबी बोलणारी, पगडी आणि अरदास घेऊन. स्टॉकटनच्या गुरुद्वारातल्या खुर्च्या निघाल्या. सिंग आडनावाच्या, क्रूस घातलेल्या, पंजाबी न येणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाकडं नवे लोक जरा संकोचानं, जरा तुच्छतेनं बघू लागले. आयुष्यभर ज्यांनी ‘आम्ही हिंदू’ म्हणून निभावलं त्यांना खऱ्याखुऱ्या पंजाब्यांनी सांगितलं की तुम्ही आमच्यातले नाही.

मेक्सिकन बाजू वर यायला हेच वळण कारण झालं, असं मी म्हणेन. सत्तरच्या दशकात युबा सिटीत जुन्या कुटुंबांचा नाताळचा नाच सुरू झाला, जुन्यांचं संमेलन म्हणून. याच गावात एका पंजाबी-मेक्सिकन कुटुंबाचं ‘रसूल्स एल रांचेरो’ हे उपाहारगृह १९९३ पर्यंत चाललं. तिथं रोटीत चीज आणि मांस घालून भाजलेला केसादिया मिळे आणि कोंबडीचा पंजाबी रस्साही.

बाहेरही हवा बदलत होती. सप्टेंबर १९६५ मध्ये देलानोच्या द्राक्षमळ्यांतला संप फिलिपिनो मजुरांनी सुरू केला, सेझर चावेझ आणि दोलोरेस उएर्ता यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यात उतरली, आणि पुढच्या वर्षी ग्वादालूपेच्या मातेचा झेंडा घेऊन मोर्चा सॅक्रामेंटोपर्यंत चालत गेला. देव्हाऱ्यातली माता रस्त्यावर आली. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतून हजारो विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले. साल कास्त्रो हे त्यांचे शिक्षक त्यांच्यासोबत होते. मागण्या साध्या: आमचा इतिहास शिकवा, स्पॅनिश बोललो म्हणून मारू नका. ही दुसरी मागणी कशातून आली हे कळायला टेक्सासमधल्या मार्फा गावची ब्लॅकवेल शाळा पुरेशी आहे. १९५४ मध्ये तिथं मुलांना स्पॅनिश शब्द चिठ्ठ्यांवर लिहायला लावून, त्या चिठ्ठ्या खोक्यात भरून, झेंड्याच्या काठीजवळ रीतसर पुरण्यात आल्या होत्या. २०२२ मध्ये त्या शाळेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

स्वतःला चिकानो, म्हणजे अमेरिकेतले मेक्सिकन, म्हणवणाऱ्या या पिढीनं तपकिरी रंगाचा झेंडा केला, पण तिच्या अभिमानाचा पाया वास्कोन्सेलोसच्याच मेस्तिसोवर होता: स्पॅनिश अधिक आदिवासी. ज्याच्या मिश्रणात पंजाब, जपान किंवा आफ्रिका होती, ज्याचं स्पॅनिश अडखळत होतं, त्याला त्या मंडळीतही ‘पोचो’ (मेक्सिकनपण गमावलेला) म्हणून टोमणे खावे लागत. चळवळी बहुधा अशाच असतात. दार उघडतात आणि उंबऱ्यावर पहारेकरी बसवतात. तरी नंतरच्या मुलांना त्या दाराचा उपयोग झाला. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी कागदपत्रं नसलेल्यांना शाळा आणि दवाखाने बंद करणारा १८७ क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर केला, तेव्हा शाळकरी मुलं मेक्सिकोचे झेंडे घेऊन लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर होती. न्यायालयानं तो प्रस्ताव अडवला. ॲरिझोनानं २०१० मध्ये कायदा करून तुसॉनच्या शाळांतला मेक्सिकन-अमेरिकन इतिहासाचा अभ्यासक्रम बंद पाडला. ती बंदी वांशिक आकसातून आल्याचं फेडरल न्यायाधीशांनी २०१७ मध्ये म्हटलं.

आता रकान्यांचं. २००० पासून अमेरिकी जनगणनेत एकापेक्षा जास्त वंश नोंदवता येतात. २०१० मध्ये ३० लाख लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या, लोकांनी तसं केलं होतं; २०२० मध्ये २ कोटी ३ लाख लोकांनी केलं. स्वतःला फक्त गोरे म्हणवणारे लॅटिनो त्याच दहा वर्षांत २ कोटी ६७ लाखांवरून १ कोटी २६ लाखांवर आले. वृत्तपत्रांनी याला ओळखीचा उत्सव वगैरे म्हटलं. त्यात थोडं तथ्य असेल, पण मोठा भाग असा की जनगणना ब्युरोनं वंशाच्या चौकटीखाली मूळ लिहायला मोकळी ओळ दिली आणि तिथं लिहिलेलं मोजण्याची पद्धत बदलली. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं वंश आणि लॅटिनो मूळ असे दोन वेगळे प्रश्न मोडून एकच प्रश्न ठरवला आहे, लागतील तेवढ्या खुणा करायची मुभा ठेवून.